आफ्रिकेची येणे बाकी

हवामानबदलाला तोंड देण्यासाठी श्रीमंत देशांनी गरीब देशांना पैसा द्यावा, हे तत्त्व १९९२ पासून कागदावर आहे. रिओ दि जानेरोच्या वसुंधरा परिषदेत सह्यांसाठी ठेवलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नव्हे, असे स्पष्ट लिहिले आहे. अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पश्चिम युरोपातील देशांची नावे एका परिशिष्टात देऊन, विकसनशील देशांना या कामी येणारा वाढीव खर्च त्यांनी उचलावा, असेही त्यात म्हटले आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या नवव्या कलमात हीच गोष्ट पुन्हा आली. म्हणजे आफ्रिकेतील देशांना हा निधी मिळावा की नाही, हा प्रश्न कराराच्या अंगाने केव्हाच मिटला आहे. भांडण उरले ते किती, कोणाकडून, कोणाच्या हाती आणि कोणत्या रूपात एवढ्याचे. शेवटचा मुद्दा सगळ्यांत कमी चर्चिला जातो. खरे तर बाकीच्या तिन्ही प्रश्नांची गाठ तिथेच बसली आहे.

हा गुंता उलगडायला बेंगळुरू हे शहर दोन कारणांनी उपयोगी पडते. जगातल्या कार्बनचे खाते कोणाच्या नावावर किती, याचा हिशेब तिथल्या एका संस्थेत मांडला जातो. आणि मेट्रो, नळाचे पाणी अशा कामांसाठी परदेशी विकास बँकांकडून पैसे उचललेले हे शहर त्या पैशाचा गुण आणि मर्यादा दोन्ही रोज अनुभवते.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातच राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आहे. जे. आर. डी. टाटांच्या कल्पनेतून १९८८ मध्ये उभी राहिलेली ही संस्था ‘नियास’ या आद्याक्षरी नावानेच ओळखली जाते. इथल्या तेजल कानिटकर आणि त्यांचे सहकारी, तसेच चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानातील टी. जयरामन यांच्या गटाने २०२२ मध्ये ‘क्लायमेट इक्विटी मॉनिटर’ नावाचा उपक्रम सुरू केला. कोणत्या देशाने आजवर किती कार्बन हवेत सोडला आणि त्याच्या वाट्याला न्यायाने किती यायला हवा होता, हे त्यात देशवार पाहता येते.

या मांडणीच्या मुळाशी असलेला हिशेब अवघड नाही. तापमानवाढ किती होणार, हे आजवर सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडवर बहुतांशी ठरते. यंदा किती सोडला, एवढ्यावर ते ठरत नाही, कारण हा वायू शतकानुशतके हवेत टिकून राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १८५० ते २०१९ या काळात माणसाने सुमारे २,४०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. वाढ दीड अंशावर थांबवण्याची निदान निम्मी शक्यता राखायची, तर २०२० पासून पुढे आणखी फक्त ५०० अब्ज टन सोडता येणार होता. गावच्या तळ्यातले चार पंचमांशांहून अधिक पाणी आधी आलेल्यांनी उपसून नेले आणि उरलेल्यासाठी सगळ्यांनी काटकसर करावी असा ठराव झाला, असा हा प्रकार आहे. ‘नियास’च्या मांडणीत हे संपूर्ण तळे, म्हणजे वापरलेले आणि उरलेले मिळून, लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जाते. ज्याने वाट्याहून जास्त उपसले तो ऋणको, ज्याने कमी उपसले तो धनको. युरोप आणि उत्तर अमेरिका यांनी आपला वाटा कधीच ओलांडला आहे. भारत आणि आफ्रिका घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे आहेत.

आफ्रिकेचे आकडे पाहिले की ही रांग किती लांब आहे ते कळते. आफ्रिका खंडाची लोकसंख्या सुमारे दीड अब्ज, म्हणजे जगाच्या पाचव्या हिश्शाच्या जवळ जाणारी. कोळसा, तेल आणि वायू जाळून आजवर झालेल्या एकूण उत्सर्जनात तिचा वाटा मात्र तीन टक्क्यांच्या आसपास आहे. इथे एक खाच लक्षात ठेवायला हवी. जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातील बदल यांतून निघणारा कार्बनही जमेस धरला, तर हवामान मंडळाच्या अहवालात हाच वाटा सात टक्के होतो. उत्तर अमेरिकेचा २३, युरोपचा १६ आणि दक्षिण आशियाचा चार टक्के. आफ्रिकेचे पारडे हलके दाखवण्यासाठी तीन टक्क्यांचा आकडा आणि जड दाखवण्यासाठी सातचा वापरला जातो. दोन्ही आकडे खरे आहेत आणि कोणताही घेतला तरी तो लोकसंख्येतील वाट्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही.

कानिटकर, अखिल मैथ्री आणि जयरामन यांनी २०२४ मध्ये ‘क्लायमेट पॉलिसी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध याहून टोचणारा आहे. तापमानवाढ रोखण्याचे मार्ग सुचवणारी शेकडो संगणकीय भाकिते हवामान मंडळाच्या अहवालात विचारात घेतली आहेत. या तिघांनी त्यांपैकी ५५६ तपासली आणि त्यांत गरीब जगाच्या उत्पन्नाविषयी काय गृहीत धरले आहे ते पाहिले. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका, दक्षिण आशिया, पश्चिम आशिया आणि उर्वरित आशिया यांचे दरडोई उत्पन्न २०५० मध्येही जागतिक सरासरीच्या खालीच राहील, असे या भाकितांत आढळले. म्हणजे पृथ्वी वाचवण्याचे जे नकाशे जगापुढे आहेत, त्यांतच आफ्रिकेने गरीब राहणे आधीपासून आखलेले आहे. निधीचा वाद दयाबुद्धीच्या पलीकडे का जातो, ते यावरून दिसते.

ज्याने कमी उपसले त्यालाच झळ जास्त, ही दुसरी बाजू. मार्च २०१९ मध्ये ‘इडाई’ चक्रीवादळ मोझांबिकच्या बैरा बंदराजवळ किनाऱ्यावर आदळले. मोझांबिक, झिंबाब्वे आणि मलावी या तीन देशांत मिळून हजाराहून अधिक माणसे दगावली. २०२३ मध्ये ‘फ्रेडी’ नावाचे वादळ ऑस्ट्रेलियाजवळ जन्मून अख्खा हिंदी महासागर ओलांडत आले आणि पाच आठवडे भटकत राहिले. मलावीत मृत आणि बेपत्ता मिळून हजारावर माणसे गेली. इथिओपिया, सोमालिया आणि केनिया या पट्ट्यात २०२० च्या अखेरपासून पावसाचे लागोपाठ पाच हंगाम कोरडे गेले. हवामानबदलामुळे अशा दुष्काळाची शक्यता किमान शंभर पटींनी वाढली, असा निष्कर्ष ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने काढला.

हिंदी महासागराचा पूर्व आफ्रिकेचा किनारा आणि कोकणचा किनारा हे एकाच पाण्याचे दोन काठ आहेत, हे नकाशा पाहताना सहज विसरले जाते. २०१८ मध्ये ‘मेकुनू’ आणि ‘लुबान’ या दोन वादळांनी अरबस्तानच्या वाळवंटात एरवी कधी पडत नाही असा पाऊस पाडला. ओल्या वाळूत टोळांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास झाली. ती येमेनमार्गे सोमालिया, इथिओपिया आणि केनियात उतरली. तोवर २०१९ च्या अखेरीस महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा तापल्यामुळे पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी झाली होती आणि टोळांना चारा तयारच होता. केनियाने अशी धाड सत्तर वर्षांत पाहिली नव्हती. इकडे इराण आणि पाकिस्तानमार्गे आलेल्या झुंडी मे २०२० मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरल्या. संत्र्याच्या बागांत थाळ्या बडवून टोळ हाकलणाऱ्या विदर्भातील शेतकऱ्याला आफ्रिकेचा प्रश्न परका वाटू नये, एवढा हा महासागर लहान आहे.

झळ बसली, पुढे काय? इडाईनंतर पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मोझांबिकला तातडीची मदत म्हणून ११.८ कोटी डॉलर दिले. हे कर्ज बिनव्याजी होते, हे खरे. पण ते कर्जच होते. ज्या देशाने हवेत नगण्य कार्बन सोडला, त्याने हवेमुळे मोडलेल्या शहराची डागडुजी उसन्या पैशाने करायची आणि पुढे मुद्दल फेडत बसायचे. हवामान-निधीविषयी आफ्रिकेची मूळ तक्रार या एका व्यवहारात सापडते.

रक्कम मोठी झाली की ही तक्रारही मोठी होते. २००९ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. श्रीमंत देशांच्या ‘ओईसीडी’ या संघटनेच्या मोजणीनुसार हा आकडा २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा, ११५.९ अब्जांवर पोहोचला. वचन पाळले गेले, असे जाहीर झाले. पण त्यातील सरकारी पैशापैकी सुमारे ६९ टक्के कर्ज होते आणि अनुदान २८ टक्के. ‘ऑक्सफॅम’ने कर्जातील फक्त सवलतीचा भाग धरून हिशेब केला, तेव्हा त्या वर्षीची खरी मदत २८ ते ३५ अब्ज डॉलर भरली. शेजाऱ्याला लाख रुपये व्याजाने देऊन लाखाची मदत केली म्हणणारा माणूस गावात हसण्यावारी जाईल. आंतरराष्ट्रीय हिशेबात तीच रीत आहे.

हवामानासाठी म्हणून काय काय मोजले जाते, हे पाहिले तर करमणूकही होते. कोणत्या खर्चाला हे नाव द्यायचे, याचा सर्वमान्य नियम नाही. देणारा देश जे सांगेल ते. २०२३ मध्ये रॉयटर्सने या नोंदी तपासल्या. जपानने बांगलादेशातील मातरबाडी येथील कोळशावर चालणाऱ्या वीज प्रकल्पाचे आणि इजिप्तमधील एका विमानतळाच्या विस्ताराचे कर्ज हवामान-निधीत दाखवले होते. इटलीने आशियात चॉकलेट-आइस्क्रीमची दुकाने उघडणाऱ्या कंपनीला दिलेला पैसा त्यात धरला होता. कोळशाची भट्टी हवामानाच्या खात्यावर लिहिता येत असेल, तर १०० अब्जांचे वचन पुरे झाले की नाही, या वादात फारसा अर्थ उरत नाही.

मात्र कर्ज म्हटले की नाक मुरडावे, असेही नाही. बेंगळुरूचा अनुभव इथे कामी येतो. ‘नम्मा मेट्रो’च्या पहिल्या टप्प्याला जपानच्या ‘जायका’ संस्थेने २००६ पासून कर्ज दिले. नागवारच्या मार्गिकेसाठी २०१७ मध्ये युरोपीय गुंतवणूक बँकेने ५० कोटी युरो मंजूर केले. ही बँक स्वतःला युरोपीय संघाची हवामान बँक म्हणवते. सिल्क बोर्डपासून कृष्णराजपुरमार्गे विमानतळाकडे जाणाऱ्या मार्गिकांसाठी आशियाई विकास बँकेने २०२० मध्ये ५० कोटी डॉलर मंजूर केले. कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरवरून चढवून शहरात आणणारी पाचवी योजना जायकाच्याच पैशातून झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सुरू झाल्यावर २००७ साली शहरात सामील झालेल्या ११० गावांसाठी रोजचे ७७५ दशलक्ष लिटर पाणी उपलब्ध झाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शहरातील सुमारे १४ हजार सरकारी बोअरवेलपैकी ६,९०० कोरड्या पडल्या होत्या आणि टँकरचे दर सरकारला ठरवून द्यावे लागले होते. ही गोष्ट लक्षात घेतली, तर त्या कर्जाला नावे ठेवण्याचे धाडस होणार नाही.

या कर्जांची परतफेड शक्य होते, कारण मेट्रोला तिकीट असते आणि नळाला बिल असते. त्याची किंमत शहराने मोजलीही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे भाडे वाढले आणि कमाल भाडे ६० वरून ९० रुपयांवर गेले. एप्रिलमध्ये २०१४ नंतर प्रथमच पाणीपट्टी वाढली. प्रवाशांनी आरडाओरड केली, काही प्रवासी पुन्हा दुचाकीकडे वळले. तरी एक कोटीहून अधिक वस्तीच्या आणि आयटी उद्योगाच्या या शहराला ते पेलण्यासारखे आहे. शिवाय मागे राज्य सरकार आणि केंद्र सरकार हमीला उभे असते.

आता त्याच शहराची दुसरी गरज. सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या पूर्व भागात पाणी साचले. आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांचे कर्मचारी ट्रॅक्टरमधून कामावर गेले. विशेष म्हणजे त्याच पावसाने टी. के. हळ्ळी येथील कावेरीच्या पंपघरात पुराचे पाणी शिरले आणि बुडालेल्या शहराचे पिण्याचे पाणी तुटले. यावर उपाय कोणता, हे सर्वांना माहीत आहे. पूर्वीच्या तळ्यांना एकमेकांशी जोडणारे राजकालुवे, म्हणजे मोठे पावसाळी नाले, मोकळे करायचे, बेळ्ळंदूर आणि वर्तूरसारख्या तलावांतला गाळ आणि सांडपाणी काढायचे, सखल वस्त्यांतील घरे सुरक्षित करायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये महापालिकेने जाहीर केलेल्या हवामान कृती आराखड्यातही ही कामे आहेत. पण राजकालुव्याला तिकीट लावता येत नाही. न आलेल्या पुराचे बिल कोणाला पाठवणार? उत्सर्जन कमी करण्याचे काम पुष्कळदा स्वतःचे पैसे स्वतः कमावते. बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याचे काम सहसा कमावत नाही. म्हणून जगभर पहिल्याला सावकार मिळतो आणि दुसरे पडून राहते. २०२२ च्या ११५.९ अब्जांपैकी जुळवून घेण्यासाठी गेले फक्त ३२.४ अब्ज.

आफ्रिकेतील बहुतेक देशांची मुख्य गरज नेमकी ही दुसरी आहे. मलावीला घटवण्यासारखे उत्सर्जनच नाही, तिथे माणशी वर्षाला टनाचा लहानसा अंशच निघतो. त्याला हवेत बंधारे, टेकड्यांवरची धूप थांबवणारी कामे, दुष्काळात तगणारे मक्याचे बियाणे, वादळाची आगाऊ सूचना. यांतल्या कशातूनही डॉलर परत येत नाहीत. बेंगळुरूच्या मेट्रोला जे साधन चालते ते मलावीच्या बंधाऱ्याला लावले की मदतीचा फास होतो. आफ्रिकेला पैसा मिळावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर ‘मिळावा’ असे आहे. पण जुळवून घेण्यासाठी आणि झालेल्या नुकसानीसाठी तो अनुदान म्हणून मिळावा आणि कर्जाची जागा फक्त परतावा देणाऱ्या कामांत असावी, हे त्या उत्तराचे दुसरे अंग आहे. ते वगळून दिलेला होकार अर्धवट ठरतो.

परतावा देणाऱ्या कामांतही पैशाची किंमत सगळीकडे सारखी नसते. बेंगळुरूच्या उत्तरेला तुमकूरु जिल्ह्यात पावगडा हा कायम दुष्काळी तालुका आहे. तिथे १३ हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता एकरी वार्षिक २१ हजार रुपये भाड्याने घेऊन २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. जमीन सरकारी कंपनीने मिळवून दिली, वीज घेण्याचे करार आधी झाले, गुंतवणूकदाराची जोखीम कमी झाली, म्हणून पैसा परवडणाऱ्या दराने आला. आफ्रिकेत ऊन पावगड्याहून कमी नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते जगातील उत्तम सौर क्षेत्रांपैकी ६० टक्के त्या खंडात आहेत, आणि तरी सौर वीजक्षमतेचा केवळ एक टक्का तिथे आहे. साठ कोटी लोकांच्या घरात वीज नाही. कारण ऊन फुकट असले तरी पॅनेलचा सगळा खर्च पहिल्या दिवशी करावा लागतो आणि तो कर्ज काढूनच करावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केनियाने आंतरराष्ट्रीय बाजारात दीड अब्ज डॉलरचे रोखे काढले, तेव्हा त्याला १०.३७५ टक्के परतावा कबूल करावा लागला. त्याच सुमारास जर्मनीला दहा वर्षांसाठी अडीच टक्क्यांच्या आत पैसा मिळत होता. या दराने काढलेल्या कर्जातून उभी राहणारी सौर वीज महाग पडते. झांबियाने २०२० मध्ये, घानाने २०२२ मध्ये आणि इथिओपियाने २०२३ मध्ये विदेशी देणी थकवली, ही पार्श्वभूमीही विसरून चालत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव या सगळ्याचा नमुना आहे. तिथली बहुतांश वीज कोळशाची. २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघ यांनी कोळसा सोडण्यासाठी तिला ८.५ अब्ज डॉलर देऊ केले. त्याचा गाजावाजा झाला. तपशील आला तेव्हा त्यातले अनुदान चारेक टक्केच निघाले, बाकी कर्जे आणि हमी. खाणी बंद झाल्यावर म्पुमालांगा प्रांतातील खाणकामगारांना नवे काम शिकवणे, हा त्यातला सगळ्यांत नाजूक भाग. नेमका त्यालाच परतावा नसतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिका या करारातून बाहेर पडली.

निधीच्या विरोधातील आक्षेप बरेच आहेत आणि सगळेच पोकळ नाहीत. आमच्या पणजोबांना कार्बनचे दुष्परिणाम ठाऊक नव्हते, त्यांच्या चुकीचा दंड आम्ही का भरावा, हा पहिला. त्याला आकड्यानेच उत्तर देता येते. १८५० पासूनच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ४२ टक्के १९९० नंतरचे आहे, म्हणजे हवामान मंडळाचा पहिला अहवाल आल्यानंतरचे. उरलेल्या ५८ टक्क्यांबाबत अजाणतेपणाचा मुद्दा ग्राह्य धरला, तरी त्या उत्सर्जनावर उभे राहिलेले रस्ते, कारखाने आणि बँकांतील ठेवी आजची पिढी वारशाने भोगते. वारसा घ्यायचा आणि त्यावरचा बोजा नाकारायचा, हे कोणत्याही दिवाणी न्यायालयात चालत नाही.

दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा, आणि तो वजनदार आहे. मोझांबिकचेच उदाहरण घ्यावे. २०१३-१४ मध्ये टूना मासेमारीचा ताफा आणि किनारा सुरक्षा यांच्या नावाखाली तिथल्या सरकारी कंपन्यांनी सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जे संसदेपासून लपवून उचलली. २०१६ मध्ये बिंग फुटले, देणगीदारांनी हात आखडता घेतला आणि देशाची अर्थव्यवस्था कोसळली. माजी अर्थमंत्री मान्युएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवण्यात आले. बिंग फुटल्यावर तीन वर्षांनी इडाई आले, ते अशा कंगाल देशावर. पण या प्रकरणात पैसे देणाऱ्यांत क्रेडिट स्विस ही स्विस बँक होती आणि २०२१ मध्ये तिलाही अमेरिका व ब्रिटनच्या नियंत्रकांशी सुमारे ४७ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. चोरी झाली ती व्यापारी कर्जात. म्हणून या उदाहरणावरून अनुदान बंद करावे, असे निघत नाही. पैसा संसदेच्या आणि स्थानिक वर्तमानपत्रांच्या नजरेसमोरून जावा, असे मात्र नक्की निघते. या बाबतीत आफ्रिकी सरकारांची बाजू लंगडी आहे आणि ती तशी आहे, हे तिथले नागरिकच मोठ्याने सांगतात.

तिसरा आक्षेप असा, की ‘आफ्रिका’ नावाचा एकच घेणेकरी मुळात नाही. खंडात ५४ देश आहेत. दक्षिण आफ्रिकेचे दरडोई उत्सर्जन काही युरोपीय देशांहून जास्त आहे. अल्जीरिया, लिबिया, नायजेरिया आणि अंगोला तेल-वायू विकून जगतात. बुरुंडीसारख्या देशाशी त्यांना एकाच रांगेत बसवणे अन्यायाचे आहे, हे म्हणणे बरोबर आहे. निधी वाटताना अतिगरीब देशांना झुकते माप हवे. सध्या मात्र उलटे घडते. अर्ज लिहायला, अहवाल भरायला आणि हिशेब तपासायला ज्यांच्याकडे माणसे आहेत त्यांना पैसा आधी मिळतो. हवामान कराराखाली स्थापन झालेल्या आणि दक्षिण कोरियातील सोंगदो येथे मुख्यालय असलेल्या हरित हवामान निधीच्या मंजुरीची वाट पाहताना लहान देशांची वर्षे जातात.

उरला चौथा प्रश्न: चीन आणि भारत काय देणार? १९९२ ची यादी तेव्हाच्या जगाची आहे. आजचा चीन त्या वेळचा राहिलेला नाही आणि त्याने काहीही बंधन मानू नये, हे समर्थन दिवसेंदिवस पातळ होत आहे. भारताची गोष्ट वेगळी आहे. त्याचे दरडोई वार्षिक उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त. तो स्वतः घेणारा आहे. हरित हवामान निधीच्या ४.३४ कोटी डॉलरच्या अनुदानातून आंध्र प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग येथे कांदळवने राखण्याचा आणि किनाऱ्यावरच्या कुटुंबांना खेकडापालनासारखी उपजीविका देण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत गरीब देशांनी वर्षाला १,३०० अब्ज डॉलर मागितले आणि श्रीमंतांनी २०३५ पर्यंत ३०० अब्जांची तयारी दाखवली. अध्यक्षांनी घाईने हातोडा आपटल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उठून हा मसुदा निव्वळ दृष्टिभ्रम आहे, असे सुनावले. त्यांच्या पाठीशी नायजेरिया उभा राहिला. मात्र मुंबईची एक्झिम बँक आफ्रिकी देशांना अब्जावधी डॉलरच्या ज्या पतमर्यादा देते, त्याही कर्जच आहेत, ही गोष्ट भारतात सहसा बोलली जात नाही.

गरज आणि हाती येणारा पैसा यांतील दरी मोठी आहे. आफ्रिकी देशांच्या स्वतःच्या हवामान आराखड्यांची बेरीज केली, तर २०३० पर्यंत दरवर्षी सुमारे २७७ अब्ज डॉलर लागतील. २०२० मध्ये आले होते ३० अब्ज. काही देश आपल्या अर्थसंकल्पाचा नऊ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा हवामानाच्या आपत्तींवर खर्च करत आहेत, असे जागतिक हवामान संघटनेचे म्हणणे आहे. तेव्हा आफ्रिका हात पसरून बसली आहे, हे चित्र खोटे आहे. शाळा आणि दवाखान्यांचे पैसे तिकडे वळवून ती आधीच भरपाई करते आहे. सप्टेंबर २०२३ च्या नैरोबी जाहीरनाम्यात आफ्रिकी नेत्यांनी फक्त मदत मागितली नाही. जहाज व विमान वाहतूक आणि खनिज इंधनाचा व्यापार यांवर जागतिक कार्बन कर लावा, कर्जाच्या अटी बदला, अशीही मागणी केली. दात्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेला पैसा उभा करण्याचा हाच मार्ग दिसतो आणि म्हणूनच तो सर्वांत संथ आहे.

झालेल्या नुकसानीसाठी वेगळा निधी असावा, हे २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथील हवामान परिषदेत, आफ्रिकेच्या भूमीवर, मान्य झाले. पुढल्या वर्षी दुबईत तो सुरू झाला. आजवरची आश्वासने एक अब्ज डॉलरच्याही आत आहेत. अमेरिकेने १.७५ कोटी डॉलरचे आश्वासन दिले होते. मार्च २०२५ मध्ये तिने निधीचे संचालक मंडळ सोडले. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य असून त्यात कसूर झाल्यास भरपाई देय होऊ शकते, असे सल्लावजा मत दिले. ते बंधनकारक नसले तरी पुढच्या प्रत्येक दाव्यात ते उद्धृत होणार, यात शंका नाही.

नुकसान निधीच्या पहिल्या फेरीसाठी २५ कोटी डॉलर ठेवले आहेत आणि ते अनुदान म्हणून द्यायचे आहेत, ही त्यातली जमेची बाजू. निदान निम्मी रक्कम अतिअल्पविकसित देश आणि लहान बेटे यांच्यासाठी राखीव आहे. अतिअल्पविकसित देशांच्या यादीतील ४४ पैकी ३२ देश आफ्रिकेतील आहेत. एका प्रस्तावाला ५० लाख ते २ कोटी डॉलर मिळू शकतात. इडाई आणि त्यामागून आलेल्या केनेथ चक्रीवादळानंतर एकट्या मोझांबिकच्या पुनर्बांधणीचा अंदाज ३.२ अब्ज डॉलरचा होता.